तांबडी शाई आणि विशेषणे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी दोन घाणे एकाच वेळी निघत असतात. आत चकल्यांचा, आणि बाहेरच्या खोलीत सहामाहीच्या इंग्रजी पेपरांचा. आतला घाणा बिघडला तर सौभाग्यवती भाजणी पाहते, मोहन पाहते, तेलाचा ताव पाहते. चकलीला बोल लावीत नाही. बाहेरचा घाणा बिघडला की मी मात्र तांबडे पेन उचलतो आणि सरळ फुली मारतो. हा फरक माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. तो कसा आला, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

मी इंग्रजीचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. पुढे जे काही इंग्रजी आले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आणि रेन व मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणाच्या पुण्याईने. दिवसा शाळेत शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा दुसऱ्यांची विशेषणे खोडायची आणि रात्री स्वतःची, असा हा दुहेरी धंदा आहे. दोन्हीकडची खोडाखोड एकच, असे मी समजत होतो. ते तसे नाही, हे मला आठवीतल्या एका मुलीने शिकवले.

या मुलीचे वडील घाटात गँगमन. इगतपुरीकरांना घाट म्हणजे काय हे सांगायला नको. पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. थळ घाटातून रेल्वे वर आली ती १८६५ साली. चढ ३७ फुटांमागे १ फुटाचा. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीला जादा इंजिने लावून तिला वर ढकलीत आणावे लागते. पावसाळ्यात तर कड्यावरून केव्हा दगड येईल याचा नेम नसतो. तेव्हा रात्रभर कंदील घेऊन रुळांची राखण करणारी जी माणसे, त्यांतला हा एक. तिने ‘माय फादर’ या विषयावर लिहिले होते : ‘माय फादर इज टायरिंग. ही कम्स होम इन द मॉर्निंग विथ वेट शूज.’

मी ‘टायरिंग’वर फुली मारली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मास्तरकीची खोड! मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले आणि म्हणालो, “याचा अर्थ काय झाला ठाऊक आहे? हिचे वडील लोकांना दमवतात, कंटाळा आणतात!” वर्ग हसला. मुलगी खाली बसली.

सहामाहीला तोच विषय पुन्हा आला. तिने लिहिले : ‘माय फादर इज अ गुड मॅन. ही इज काइंड अँड ऑनेस्ट.’ एकही चूक नाही. मी दहापैकी आठ गुण दिले. बेरीज करताना एकाएकी ध्यानात आले, की ओले बूट कुठेच नव्हते. रात्रपाळी नव्हती. घाट नव्हता. वडीलही नव्हते, होता तो एक ‘गुड मॅन’, जो कुणाचाही बाप असू शकला असता.

त्या रात्री मी तिची पहिली वही पुन्हा काढली आणि कादंबरीकाराच्या डोळ्यांनी वाचली. तेव्हा जी चूक मी अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेली होती, ती विचार करून केलेली चूक आहे असे दिसले. मराठीत ‘थकणे’ आणि ‘थकवणे’ ही दोन क्रियापदे आहेत. ‘कंटाळणे’ आणि ‘कंटाळा आणणे’ ही दोन कामेही वेगळी. इंग्रजीतले ‘टायर’ आणि ‘बोअर’ बहुतकरून दुसऱ्या बाजूचे, म्हणजे थकवण्याचे आणि कंटाळा आणण्याचे काम करतात. मुलीने मनात म्हटले, ‘रनिंग’ म्हणजे धावणारा, तर ‘टायरिंग’ म्हणजे थकणारा. तर्क चोख होता. फक्त क्रियापदाने दगा दिला. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा मुलगा स्वतःची निंदा करीत नसतो. ‘मी कंटाळतो आहे’ एवढेच त्याला म्हणायचे असते. आता मी एकच खूण सांगतो : ज्याच्यावर परिणाम झाला तो ‘लेला’, त्याला ‘ईडी’, जो परिणाम करतो तो ‘णारा’, त्याला ‘आयएनजी’. थकलेला बाप ‘टायर्ड’, थकवणारा घाट ‘टायरिंग’. ही खूण एकदा मराठीतून कळली की पोरे सहसा चुकत नाहीत.

येथे माझे व्याकरणाच्या पुस्तकांशी भांडण आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्याच भाकरीवर मी वाढलो. पण ती चूक आणि बरोबर अशी वाक्ये समोरासमोर मांडतात आणि चूक का झाली, हे सांगत नाहीत. कसे सांगणार? ते कारण इंग्रजीत नाहीच. ते मराठीत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ दिले. ही पुस्तके मराठीच्या तासाला सोडून इंग्रजीच्या तासाला येऊ द्यायची नाहीत, असा जणू आपण नियमच केला आहे. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, पण दोन तासांमधली भिंत मात्र तशीच राहिली.

ती भिंत पाडली तर काय दिसते, ते पाहू. ‘ती चांगली गाते’ या आपल्या वाक्यात ‘चांगली’ हे गाण्याविषयी सांगते आणि तरीही मुलीप्रमाणे स्त्रीलिंगी होते; तो चांगला गातो, ती चांगली गाते. ज्याच्या कानाला ही सवय, तो ‘शी सिंग्ज गुड’ असेच म्हणणार. त्याला एवढेच सांगावे, की इंग्रजी येथे माणूस आणि त्याचे काम यांना वेगवेगळे कपडे घालते : गाणारी ‘गुड’, गाणे ‘वेल’.

आपण ‘पाच वर्षांचा मुलगा’ म्हणतो. वर्षे अनेक, म्हणून ‘वर्षांचा’. त्यातून ‘फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय’ जन्मतो. पण इंग्रजी विशेषणाला लिंग नाही आणि वचनही नाही. नाम विशेषणाच्या जागी येऊन बसले की तेही आपले अनेकवचन बहुधा दाराबाहेर ठेवते : ‘फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’, ‘टेन-रुपी नोट’.

‘ॲन अस्लीप चाइल्ड’ का चुकते? आपल्या व्याकरणात नामाआधीचे ते अधिविशेषण आणि नामानंतरचे ते विधिविशेषण. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ हे शब्द दुसऱ्याच जागी बसतात. कारण त्यांतला ‘अ’ हा जुन्या ‘ऑन’चा अवशेष आहे. ‘अस्लीप’ म्हणजे मुळात ‘झोपेत’. आपण तरी ‘झोपेत मूल’ कुठे म्हणतो? ‘मूल झोपेत आहे’ असेच म्हणतो.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांनी तर पिढ्यान् पिढ्या रडवल्या. पण आपल्या ‘च’ आणि ‘तरी’मध्ये त्याची किल्ली आहे. ‘फ्यू’ म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तेच.

राहिले ते प्रसिद्ध ‘मोअर बेटर’. याला हसणारी मंडळी लग्नपत्रिकेत आणि भाषणात ‘सर्वात सर्वोत्तम’ आणि ‘अधिक श्रेष्ठतर’ खुशाल लिहितात! मराठीत तुलना ‘पेक्षा’ने भागते, विशेषण जागचे हलत नाही, म्हणून ‘बेटर’च्या पोटात ‘अधिक’ आधीच बसले आहे हे कानाला जाणवत नाही. शेक्सपियरने ‘ज्यूलियस सीझर’ नाटकात अँटनीच्या तोंडी असाच दुहेरी तमभाव घातला आहे. त्या काळी तो खपत होता. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्यावर तांबडी शाई ओतली. म्हणून आमच्या पोरांनी तसे लिहावे असे मी म्हणत नाही. पण हसण्यापूर्वी एवढे आठवावे. ‘सीनियर’ आणि ‘जूनियर’ हे लॅटिनमधून तुलनेसह आलेले पाहुणे. त्यांना ‘मोअर’ही नको आणि ‘दॅन’ही नको, ‘टू’ पुरे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. पण तिच्या ‘हायएस्ट’आधी ‘द’ हवाच, कारण सर्वांत उंच ते एकच असते.

हे झाले नियमांचे. नियमाच्या पलीकडे विशेषणाची निवड असते, आणि तेथे खरी परीक्षा आहे. आपला ‘कडक’ घ्या. कडक चहा ‘स्ट्राँग’, कडक मास्तर ‘स्ट्रिक्ट’, कडक भाकरी ‘हार्ड’. आमच्याकडचा जोराचा पाऊस ‘स्ट्राँग’ नव्हे, ‘हेवी’. दाट धुके ‘थिक’. मोठा भाऊ ‘एल्डर’, पण तुलना करायची तर ‘ओल्डर दॅन’. आणि मोठा आवाज ‘लाउड’. हे कुठल्या कोष्टकाने येत नाही. जी वस्तू सांगायची ती डोळ्यांपुढे आणावी लागते, मग तिच्या जोडीचा शब्द शोधावा लागतो. ‘नाइस’, ‘गुड’ आणि ‘ब्यूटिफुल’ या तिघांना मात्र कुठेही बसवता येते. म्हणूनच ते चुकत नाहीत, आणि म्हणूनच ते काही सांगतही नाहीत. आमच्या गुणपत्रिकेत या मौनाला आठ गुण आहेत आणि ओल्या बुटांना फुली!

कुणी म्हणेल, मग काय चुका तशाच सोडायच्या? मुळीच नाही. गँगमनची मुलगी उद्या नोकरीसाठी अर्ज लिहील तेव्हा तिच्या ‘टायरिंग’ला कुणी समजून घेणार नाही. नियम तिला आलाच पाहिजे. तो न शिकवणे हा दयाळूपणा नव्हे, कामचुकारपणा आहे. माझे म्हणणे इतकेच, की चूक दुरुस्त करताना वाक्य मारू नये. समीक्षक जसा पुस्तकात लेखकाला काय म्हणायचे होते ते आधी शोधतो आणि मग दोष दाखवतो, तसे मास्तराने वहीपुढे बसावे. मी उलटे केले होते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी ते वाक्य फळ्यावर लिहिले. थकणे आणि थकवणे यांतला फरक समजावला, आणि त्या दिवशी वर्ग हसला तो दोष माझा होता, हे सांगितले. वाक्यात चुकली ती फक्त शेवटची अक्षरे. मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग उठून म्हणाली, “सर, ‘टायर्ड’ लिहिलं, तर बूट राहू देऊ का?”

“राहू दे,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

तेव्हापासून तांबडे पेन मी टाकलेले नाही. पण ते उघडण्यापूर्वी वाक्य दोनदा वाचतो. वाचकांपैकी जे आईबाप आहेत त्यांनी या सुट्टीत मुलांच्या वह्या अवश्य पाहाव्यात. ‘मोअर बेटर’ सापडले तर दुरुस्त करावे. पण सगळे निबंध निर्दोष आणि सगळे बाप ‘गुड’ असतील, तर मात्र मुलाला जवळ बसवून विचारावे, “अरे, तुला खरोखर दिसलं काय?”