मोडशीचं लॅटिन

यवतमाळच्या घरी आजी उलट्या-जुलाबांना अजून ‘मोडशी’च म्हणते. हाच शब्द ‘मोर्देशी’ होऊन १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात बसलाय, हे मला बसमध्ये मोबाईलवर गार्सिया द ओर्ता वाचताना कळलं.

ओर्ता वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा मित्र. पुस्तक संवादांचं. प्रश्न विचारणारा रुआनो काल्पनिक. पण मध्येच मालुपा नावाचा हिंदू वैद्य बोलतो, दासी अंतोनिया हवं ते आणून देते. गप्पा भरकटतात, ओर्ता फुशारकी मारतो, जुन्या ग्रीकांच्या चुका काढतो. मला हेच आवडलं.

१५६७ मध्ये क्लुसिअसनं अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला. संवाद गाळले, क्रम बदलला, चित्रं घातली. युरोपभरच्या वैद्यांनी ओर्ता वाचला तो मुख्यतः असा. क्लुसिअसच्या पत्रव्यवहारातली सुमारे १,५०० पत्रं टिकलीत, बहुतेक लायडनला. कोणी कोणाला कुठला कंद पाठवला, हे त्यांत नावानिशी सापडतं. श्रेय द्यायची रीत या मंडळींना चांगली ठाऊक होती! म्हणून मालुपाचा आवाज गेलेला जास्त खटकतो. कोडमधून कमेंट्स उडवल्यासारखं: प्रोग्राम चालतो, पण कोणी कशावरून लिहिलं ते कळत नाही.

तरी क्लुसिअसला खलनायक करवत नाही. ओर्ता १५६८ मध्ये वारला. छुपा ज्यू ठरवून इन्क्विझिशननं १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. तोवर लॅटिन ओर्ता युरोपातल्या वैद्यांच्या हाती पोचला होता.