चेंबरखालचा पत्रा

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवी या बंजारा समाजाच्या तीर्थात येणारी गाडी पाहायची असेल तर वाकून पाहावी. वरून सगळ्या सारख्याच दिसतात: पांढरा रंग, काचेवर सेवालाल महाराजांचं चित्र, टपावर गाठोडी. खालून मात्र एकेक गाडी वेगळी असते, कारण प्रत्येकीच्या इंजिनाखालचा पत्रा वेगळ्या वाटेने आलेला असतो. गॅरेजवाले त्याला इंजिन गार्ड किंवा चेंबर गार्ड म्हणतात. बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनी तो देत नाही. तिथे असतं ते चिखल उडू नये म्हणून लावलेलं पातळ प्लास्टिक. पत्रा मागाहून, आपल्या पैशाने बसवायचा.

या पत्र्यात पाहण्यासारखं काय आहे, हे कळायला आधी वर काय दडलंय ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. 2000 आरपीएमला तो सेकंदाला तेहेतीस गिरक्या घेतो, आणि तरी लोखंडाला लोखंड घासत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी; तिच्यात पंपाने ढकललेलं तेल असतं आणि फिरता क्रँक त्या तेलावर तरंगतो. हे तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीतून, म्हणजे चेंबरमधून येतं. पंपाची शोषनळी चेंबरच्या तळापासून जेमतेम काही मिलिमीटरवर तोंड उघडून बसलेली असते.

दगड लागला की पुढे काय होणार, ते चेंबर कशाचं आहे त्यावर ठरतं. ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर तडकतं. तेल रस्त्यावर सांडतं आणि निदान डाग तरी दिसतो. दाबलेल्या पोलादी पत्र्याचं असेल तर पोचा येतो, थेंबही गळत नाही. पण तळ वर उचलला गेल्याने शोषनळीचं तोंड बुजतं. मला ही दुसरी इजा जास्त भयंकर वाटते. गाडी चालू असते, डिपस्टिकवर तेल दिसतं, आणि वर क्रँक कोरडा पडत असतो. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला तर त्याच जागी इंजिन बंद करायला हवं. ‘तांड्यापर्यंत तर जाऊ’ म्हटलं की बेअरिंगचा मऊ धातू वितळून क्रँकला चिकटतो. मग क्रँक काढा, ग्राइंड करा, 0.25 मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग घाला. नशीब बरं असेल तर एवढ्यावर भागतं.

हे टाळणारा पत्रा किती जाड आहे, एवढंच गिऱ्हाईक विचारतं. जाणकाराची नजर फटीवर जाते. बैलाची नाल खुराला चिकटून बसली तर ती चांगली. गार्डचं नेमकं उलट आहे. तो चेंबरपासून दूर राहिला पाहिजे. चिकटून बसलेला पत्रा दगडाचा घाव जसाच्या तसा वर पोचवतो. मला दोन बोटांची फट लागते. घाव बसला की पत्रा तेवढ्या मोकळ्या जागेत लवतो, आणि उरलेला जोर बोल्टांमधून क्रॉस मेंबरमध्ये, तिथून गाडीच्या सांगाड्यात उतरतो. क्रँकला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या मोकळ्या जागेत पत्र्याची खरी करामत आहे.

नीट घडवलेल्या पत्र्याचा पुढचा ओठ वर वळवलेला असतो, त्यामुळे पत्रा दगडाला अडत नाही, त्याच्यावरून सरकतो. लांबीला दाबून काढलेल्या शिरा असतात. त्यांच्यामुळे दोन मिलिमीटरचा पत्राही ताठ राहतो. दोन मिलिमीटर पोलादाचं वजन चौरस मीटरला 15.7 किलो, म्हणजे छोट्या गाडीचा गार्ड सहा-सात किलोंचा होतो. पुढच्या चाकांवर एवढा भार चालतो. चार मिलिमीटरचा हट्ट धरला तर दुप्पट होतो आणि जी उंची वाचवायची तीही थोडी दबते. बोल्टांची डोकी खड्ड्यात बसवलेली हवीत, नाहीतर घासून घासून गोल होतात आणि पाना धरत नाही. हवेच्या फटी मागे तोंड करून हव्यात. तेल बदलायच्या बोल्टखाली भोक हवं. आणि गाडीत असलेल्याच भोकांतून बोल्ट यावेत. सांगाड्याला नवी भोकं पाडणारा किंवा वेल्डिंगचा टाका मारणारा कारागीर मी कारागीर मानत नाही, कारण धडकेत सांगाड्याने कुठे कसं दुमडायचं हे कंपनीने ठरवलेलं असतं.

गाडी भरली की हे सगळं कसाला लागतं. कागदावर तळाची उंची 160 ते 170 मिलिमीटर, पण पाच माणसं आणि नैवेद्याची भांडी आत आली की स्प्रिंगा दबतात. पुढे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. गणित केलं तर अडीच मीटरच्या आतबाहेर चाकांचं अंतर असलेल्या गाडीखाली असा ब्रेकर जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. गावाने रातोरात घातलेला मातीचा किंवा डांबराचा अरुंद बांध मात्र आपल्या सगळ्या उंचीनिशी पोटात घुसतो. त्यात काळ्या मातीतली चाकोरी आली: ट्रॅक्टरची चाकं दोन बाजूंनी खोल जातात आणि मधला उंचवटा वाळून दगड होतो.

म्हणून यात्रेतला पत्रा वाचावा. पुढून मागे गेलेले सरळ, लांब ओरखडे म्हणजे ब्रेकर. एकाच जागी खोल खळगा म्हणजे सुटा दगड. मधोमध झिजून चकचकीत झालेला पट्टा म्हणजे शेतरस्ता, रोजचा. महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातून बंजारा कुटुंबं इथे येतात. धान्य आणि मीठ बैलांवर लादून मुलुखभर लदेणी करणाऱ्यांचे हे वंशज. 2024च्या ऑक्टोबरात इथे त्यांच्या वारशाचं संग्रहालय उघडलं. वाहतुकीवर जगलेल्या समाजाच्या तीर्थात वाहनाच्या तळाकडे एवढं निरखून पाहणं मला अगदी उचित वाटतं.

पत्र्याची ही कळ मोटारींच्या मोठ्या शर्यतींत फार आधी ओळखली गेली होती. 1959च्या मिनी या मोटारीत तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स इंजिनाखाली, तेलाच्या चेंबरमध्येच बसवला. तेल दोघांना एकच. एवढा ऐवज जमिनीलगत घेऊन ती छोटी गाडी 1964, 1965 आणि 1967 साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. रॅलीच्या मिनीखाली जाड गार्ड असे.

बसवल्यानंतरची कामं थोडी, पण चुकवू नयेत. स्प्रिंग वॉशर आणि रबर घालूनच बोल्ट आवळावेत. आठवड्याभराने पुन्हा पाना लावावा, कारण नवा पत्रा हादऱ्यांनी आपली जागा शोधतो. पावसाळ्यानंतर गार्ड एकदा उतरवून आत साठलेली काळी माती धुवावी. ती ओल धरते, आणि दोन बोटांची फटही भरून टाकते.