मधातील परागविश्लेषण : ४५ टक्क्यांच्या निकषाची चिकित्सा

मधाच्या बाटलीवरील 'जांभूळ मध' हे शब्द ग्राहकाच्या दृष्टीने विश्वासाचा, तर मधपाळाच्या दृष्टीने वाढीव भावाचा विषय असतात. या दाव्याची पारख करण्याचे रूढ साधन म्हणजे परागविश्लेषण होय. १० ग्रॅम मध पाण्यात विरघळवून अपकेंद्री यंत्रात फिरवतात आणि तळाशी बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजतात. लूवो, मॉरिझिओ व फोरवोल यांनी १९७० मध्ये मांडलेल्या व १९७८ मध्ये सुधारलेल्या पद्धतीनुसार ४५ टक्क्यांहून अधिक पराग ज्या वनस्पतीचे असतील ती प्रमुख, तर १६ ते ४५ टक्के असलेली दुय्यम मानली जाते.

या पद्धतीचे महत्त्व निर्विवाद आहे. रासायनिक पृथक्करणातून साखरेचे व पाण्याचे प्रमाण कळते; मध कोणत्या रानातला, याचा पुरावा मात्र परागकणांतून मिळतो. तथापि, ४५ टक्क्यांचा निकष सर्व फुलांना सरसकट लावणे सदोष ठरते. मध तयार होतो मकरंदापासून आणि मोजले जातात परागकण. दोन वनस्पतींचा मकरंद समसमान असूनही एकीच्या मकरंदात पराग नऊपट असतील, तर मोजणीत ९०:१० असे प्रमाण येईल. युरोपातील चेस्टनटचे पराग मधात असेच प्रमाणाबाहेर आढळतात. लॅव्हेंडर व संत्रावर्गीय फुलांचे अत्यल्प असतात. मका मकरंद देत नाही, तरी त्याचे पराग मधात उतरतात. पोळे पिळून काढलेल्या मधात तर माश्यांनी साठवलेला परागही मिसळतो.

महाबळेश्वर परिसरात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध मिळतो. त्यांपैकी जांभूळ व निलगिरी एकाच कुळातील असून दोहोंचे पराग त्रिकोणी असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील भेद करणे कठीण जाते. कारवी अनेक वर्षांच्या अंतराने फुलते. त्यामुळे एकाच हंगामातील नमुन्यांवरून त्या प्रदेशाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

सारांश, परागगणना आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. स्थानिक वनस्पतींचा परागसंदर्भसंग्रह, प्रत्येक फुलासाठी स्वतंत्र मर्यादा आणि विद्युतवाहकता, रंग व चव यांची जोड मिळाल्यासच 'जांभूळ मध' हा दावा सिद्ध मानता येईल. अन्यथा प्रामाणिक मधपाळाचा मध नाकारला जाण्याचा आणि चुकीचा दावा मान्य होण्याचा धोका सारखाच राहतो.