म्हशीचं पोट अभ्यासक्रमात कुठे आहे?

दिवाळीत गावी, म्हणजे भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला गेले होते. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकी दारात. त्यांच्या म्हशीची कास सुजून टणक झाली होती, दुधात गुठळ्या येत होत्या. आपण ज्याला 'दगडी' म्हणतो तो कासदाह. काकी म्हणाल्या, "बाय, तू डॉक्टर होतेस ना? मग हिला बघ जरा."

आता गंमत बघा. माझी पीएचडी याच आजारावर आहे. तो करणारे जिवाणू मी रोज काचेच्या बशीत वाढवते, कुठलं प्रतिजैविक त्यांच्यावर चालत नाही ते तपासते. पण म्हशीला इंजेक्शन देण्याचा मला अधिकार नाही आणि खरं सांगायचं तर अक्कलही नाही. जिवाणू ओळखणं वेगळं, म्हैस ओळखणं वेगळं. म्हटलं, काकी, खरा डॉक्टर बोलवा.

'खरा डॉक्टर' व्हायला काय लागतं, यावर आज लिहायचं आहे, कारण त्यात मला एक मोठी खोट दिसते.

आधी नियम. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के. मग 'नीट'. त्या गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा महाविद्यालयांत प्रवेश. पदवी साडेपाच वर्षांची: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. मग पशुवैद्यक परिषदेत नोंदणी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणी नसलेल्याला हा व्यवसाय करता येत नाही. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

साडेपाच वर्षं जास्त आहेत का? अजिबात नाही. एमबीबीएसला एकच प्राणी शिकायचा असतो. इथे गाय, म्हैस, शेळी, घोडा, डुक्कर, कुत्रा, कोंबडी, सगळेच. शिवाय चुकीचं प्रतिजैविक किंवा अर्धवट डोस दिला तर नुकसान म्हशीपुरतं राहत नाही. औषधाचा अंश दुधातून आपल्या चहात येतो आणि जे जिवाणू मरत नाहीत ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. माझ्या बशीत शेवटी तेच येऊन बसतात. त्यामुळे अट शिथिल करा असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझी तक्रार दारावरच्या परीक्षेबद्दल आहे.

'नीट' मध्ये १८० प्रश्न, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. त्या जीवशास्त्रात प्राणी कोण? श्वसन माणसाचं, रक्ताभिसरण माणसाचं, उत्सर्जन माणसाचं, प्रजनन माणसाचं, आरोग्य आणि रोगही माणसाचेच. एक बेडूक आहे. पूर्वी एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अन्नोत्पादन वाढवण्यावर एक धडा होता. त्यात पशुसंगोपन होतं, दुग्धव्यवसाय होता, जाती सुधारणं होतं. २०२२ मध्ये पुस्तकं हलकी करताना तो धडा गेला आणि २०२४ पासून 'नीट'च्या अभ्यासक्रमातूनही गेला. सोबत पचनाचा धडाही गेला. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात पशुसंगोपन आहे, पण क्लासवाले सरळ सांगतात, "बोर्डापुरतं वाचा, नीटला नाही."

मग रवंथ करणारं पोट कुठे भेटतं? जिवाणूंच्या धड्यात. गाई-म्हशींच्या पोटात मिथेन तयार करणारे जिवाणू असतात, एवढ्याच निमित्तानं. म्हणजे पोट जिवाणूंचं घर म्हणून येतं, म्हशीचं पोट म्हणून नाही.

याला महत्त्व का? एक उदाहरण देते. लग्नात भात उरतो आणि वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी तो पातेलंभर म्हशीला घालतं. माणसानं खाल्ला तर फार तर सुस्ती येईल. पण म्हशीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातलं सगळ्यात मोठं कोटीपोट म्हणजे चारा आंबवणारी टाकीच. त्यात अचानक एवढा स्टार्च पडला की काही जिवाणू भराभर वाढून लॅक्टिक आम्ल करतात, चारा पचवणारे बाकीचे मरतात आणि चांगली धडधाकट म्हैस एक-दोन दिवसांत दगावू शकते. माणसाच्या पचनावरून हे कधीच कळणार नाही.

यावर कुणी म्हणेल, "अगं, हे कॉलेजात शिकवतातच की. प्रवेश परीक्षा फक्त तयारी मोजते." बरोबर, शिकवतात, आणि नीट शिकवतात. पण परीक्षा नुसती मोजत नाही, ती निवडतेही. एकाच गुणपत्रिकेवर एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि पशुवैद्यक ठरतं. त्यामुळे ज्याला गोठ्यात पाऊल टाकायचं नाही तोही यादीत येतो आणि ज्याला तेच करायचंय त्याच्या माहितीला एकही गुण नाही.

मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. इंग्रजांच्या काळात या विद्येचा मोठा भर लष्कराच्या घोड्यांवर होता. तेव्हा घोडा पुढे होता, आज दारावर माणूस पुढे आहे. म्हैस दोन्ही वेळा मागेच.

बाहेर काय करतात? अमेरिकेत आधी कॉलेजातले ठरलेले विषय, मग चार वर्षांची पशुवैद्यक पदवी, आणि अर्जात प्राण्यांसोबत केलेल्या कामाचे तास लिहायचे. कल्पना चांगली आहे, पण जशीच्या तशी इथे नको. बिनपगारी अनुभव मिळवायला ओळख लागते आणि सवड लागते. आपल्याकडे त्याचंही प्रमाणपत्र विकत मिळेल.

मला साधा उपाय दिसतो. 'नीट' राहू दे, पण पशुवैद्यकाला जाणाऱ्यांसाठी पशुसंगोपनाची एक छोटी वेगळी प्रश्नपत्रिका असू दे. पुस्तक नवं लिहायला नको, राज्य मंडळाचा धडा तयारच आहे. क्लास न परवडणाऱ्या मुलालाही तो वाचता येतो.

हे सगळं सुचलं ते काकींच्या मुलीमुळे. म्हशीचा मुका माज ती शेपटीवरून आणि दुधाच्या घटीवरून ओळखते. मला तर समोर दाखवूनही कळला नाही. तिला पशुवैद्यकच व्हायचंय. पहिल्या वेळी 'नीट'मध्ये गुण कमी पडले, यंदा पुन्हा बसतेय. मी गेले तेव्हा ती गोठ्याच्या ओट्यावर बसून माणसाच्या मूत्रपिंडाची आकृती पाठ करत होती.

म्हैस बरी आहे. डॉक्टर आले, औषध दिलं आणि ठरवून दिलेले दिवस दूध विकू नका म्हणाले. काकी कुरकुरल्या, पण विकलं नाही. त्यामागचं कारण त्यांना मुलीनंच समजावलं.