एका ओळीत उरकलेले सोल्डरिंग

शाळांना इलेक्ट्रॉनिक्सचे संच आता नवे राहिलेले नाहीत. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ साली सुरू झाली आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती सोल्डरिंग आयर्न आले. बारामतीला २०२२ साली विज्ञान केंद्रही उभे राहिले. साहित्य वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण साहित्यासोबत येणारी पुस्तिका कोण तपासतो? पाठ्यपुस्तकाचे परीक्षण होते, पुस्तिकेचे होत नाही. ते येथे करून पाहू.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील काही शाळांत आम्ही मुलांबरोबर जमिनीतील ओल दाखवणारा एक संच जोडला. जमिनीत दोन सळ्या खोचायच्या. माती ओली असेल तर त्यांच्यामधून थोडी वीज वाहते आणि हिरवा दिवा लागतो. वाहिली नाही तर लाल. कल्पना उत्तम, आणि या भागाला तर फारच लागू. नीरा डाव्या कालव्याने या दोन्ही तालुक्यांत पाणी आणले, ऊस आणला, आणि अतिपाण्याने चिबड व खारवट झालेल्या जमिनीही मागे ठेवल्या. पाणी कधी द्यायचे नाही, हे सांगणारे साधन येथल्या मुलांनी स्वतः बनवावे, याहून चांगला प्रकल्प कोणता?

इंदापूरकडच्या एका शाळेत नववीतल्या एका मुलीचा संच मात्र लाल दिव्यावरच अडून बसला. सळ्या चिखलात खोचल्या तरी लाल. पुस्तिकेतील ‘अडचणी व उपाय’ पाहिले. तेथे दोनच उपाय होते : सेल बदला, मातीत आणखी पाणी घाला. दोन्ही केले. आम्हीही आधी सळ्यांवरच संशय घेतला. शेवटी त्या मुलीनेच सांगितले, “सर, इथं बोटानं दाबलं की हिरवा लागतो.” बोट होते सळ्यांच्या तारा जिथे बसतात त्या कनेक्टरवर.

कनेक्टरच्या दोन पिनांपैकी एक ऋण बाजूच्या रुंद तांब्याच्या पट्ट्याला जोडायची होती. रुंद तांबे उष्णता भराभर ओढून घेते. त्यामुळे पट्टा पुरेसा तापला नव्हता. सोल्डर पिनेभोवती मण्यासारखे बसले होते, पण तांब्याला चिकटले नव्हते. परिपथ तुटलेला. आणि या संचाच्या रचनेत तुटलेला परिपथ व कोरडी माती यांचा अर्थ एकच : लाल दिवा. म्हणजे चिखलात उभे राहून ते यंत्र सांगत होते, पाणी द्या!

आता पुस्तिका काय म्हणते? ‘कनेक्टर जागेवर बसवून सोल्डर करा.’ बस, एवढेच. शेजारच्या चित्रात तर सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून जोडाकडे नेताना दाखवले आहे. हे चित्र चुकीचेच आहे. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळेसारखा फ्लक्स असतो. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर दूर करणे हे त्याचे काम. टोकावरच सोल्डर वितळवले तर तो जोडापर्यंत पोचण्याआधीच जळून जातो.

खरी रीत आपल्या घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. कल्हईवाला कथील वितळवून भांड्यावर ओतत नसे. आधी भांडे तापवी, नवसागर टाकी, मग तापलेल्या भांड्यालाच कथील लावी. येथेही तेच. आयर्नचे टोक पिन आणि तांबे या दोघांनाही टेकवायचे, दोनेक सेकंद थांबायचे, आणि सोल्डरची तार जोडाला लावायची. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि १९० च्या सुमारास पूर्ण द्रव होते. तांबे तेवढे तापले असेल तर सोल्डर आपोआप पसरते. रुंद पट्ट्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. मात्र फार वेळ तापवले तर कनेक्टरचे प्लॅस्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात.

म्हणून आधी एकच पिन जोडावी, कनेक्टर सरळ बसला आहे ना ते पाहावे, मग दुसरी. कनेक्टरला रोज ओढाताण सोसावी लागते. म्हणून शेवटी तो हलक्या हाताने हलवत मल्टिमीटरने पिनेपासून पट्ट्यापर्यंत जोड तपासावा. हवा खेळती ठेवावी, कारण फ्लक्सचा धूर त्रासदायक असतो. आणि शिसे असल्याने काम झाल्यावर हात धुवावेत. हे सारे एका पानात मावते.

काही संच ही अडचण टाळण्यासाठी सर्व जोड कारखान्यातच करून देतात. लहान वर्गांना ते योग्य आहे. भाजण्याची भीतीही खोटी नाही. पण आठवी-नववीच्या मुलांना तसाच संच देणे म्हणजे शिकण्याजोगा भागच काढून घेणे होय. आमची तक्रार सोल्डरिंग असण्याबद्दल नाही, ते न शिकवता करायला लावण्याबद्दल आहे.

कारण तोटा फक्त एका संचाचा होत नाही. बोटाने दाबून पाहण्याआधी ती मुलगी दोनदा म्हणाली होती, “मला हे जमत नाही.” दोष पुस्तिकेचा होता आणि तो तिने स्वतःकडे घेतला. शिक्षकांना आमची विनंती एवढीच : पुढचा संच उघडाल तेव्हा पुस्तिका आधी स्वतः तपासा, तिच्यानुसार एक जोड करून पाहा, आणि ती जिथे एका ओळीत उरकते तिथे एक तासिका द्या.