मेंदूची प्रतिमा आणि अनुभूतीचे सत्य : 'व्हाय गॉड वोन्ट गो अवे' या ग्रंथाची चिकित्सा

अँड्र्यू न्यूबर्ग व युजीन डाक्विली यांनी व्हिन्स राउज यांच्यासह लिहिलेला 'व्हाय गॉड वोन्ट गो अवे' हा ग्रंथ २००१ मध्ये प्रकाशित झाला. मज्जाविज्ञान आणि अध्यात्म यांच्या संबंधाच्या चर्चेत त्याचा आधार दोन्ही पक्ष घेतात. श्रद्धावंतांना त्यात ईश्वराचा पुरावा दिसतो, तर जडवाद्यांना ईश्वर हा केवळ मेंदूचा व्यापार वाटतो. म्हणूनच हा पुरावा नेमका कशाचा, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ग्रंथामागील प्रयोग कल्पक आहे. तिबेटी बौद्ध पद्धतीने ध्यान करणारा साधक ध्यान उत्कट होताच दोरी ओढून खूण करी. त्या वेळी शिरेतून किरणोत्सारी द्रव्य सोडले जाई व नंतर स्पेक्ट यंत्राने मेंदूतील रक्तप्रवाहाची प्रतिमा घेतली जाई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८ साधक होते. कपाळामागील भागाची क्रियाशीलता वाढलेली आढळली. त्या वाढीबरोबर, देहाचे स्थान व सीमा यांचे भान राखणाऱ्या पॅरायटल खंडाची क्रियाशीलता घटण्याकडे कल दिसला. 'मी'पण विरघळल्याच्या अनुभूतीचा उलगडा लेखक यावरून करतात.

मेंदूत हालचाल दिसली म्हणून अनुभव भ्रामक ठरत नाही, हे लेखकांचे म्हणणे रास्त आहे. तथापि, ही अनुभूती नित्य जगापेक्षा अधिक खरी भासते, म्हणून तिच्यामागे अधिक खरी सत्ता असू शकते, असे ते सुचवितात. येथे युक्तिवाद सैल होतो. स्वप्नही पाहताना खरेच भासते. भासण्याची तीव्रता हा सत्याचा निकष होऊ शकत नाही.

जडवाद्यांची घाईही तितकीच सदोष आहे. सौम्य चुंबकीय क्षेत्राने अदृश्य सान्निध्याचा प्रत्यय निर्माण होतो, हा कॅनडातील मायकेल पर्सिंगर यांचा दावा त्यांच्याकडून पुढे केला जातो. परंतु स्वीडनमधील ग्रॅनक्विस्ट व सहकाऱ्यांच्या २००५ मधील दुहेरी अंध चाचणीत चुंबकीय क्षेत्राचा परिणाम आढळला नाही. अशा अनुभवांचा संबंध सहभागींच्या सूचनाग्राही स्वभावाशी दिसून आला.

दोन्ही पक्ष सहसंबंधालाच स्पष्टीकरण मानतात. मेंदूच्या व्यापारातून जाणीव का उद्भवते, हा डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये 'कठीण समस्या' म्हणून मांडलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. जाणिवेची मज्जागत खूण २५ वर्षांत स्पष्ट होईल, अशी पैज क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी लावली होती. २०२३ मध्ये ती हरल्याचे त्यांनी मान्य केले.

विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच धार्मिक अनुभवाचे मोल त्याच्या शारीरिक उगमावरून नव्हे, तर जीवनातील फलितावरून ठरवावे, असे प्रतिपादले होते. ध्यानाने माणूस अधिक करुणाशील झाला का, हे एका क्षणाची प्रतिमा सांगू शकत नाही. ते त्याच्या आचरणातच पाहावे लागते. यंत्राच्या प्रमाणपत्रावर विसंबणारे अध्यात्म आपली ही कसोटीच गमावते, आणि असे प्रमाणपत्र देऊ पाहणारे विज्ञान आपली मर्यादा ओलांडते.