जुन्या बाजारांतील पोथ्या

पुण्याच्या जुन्या बाजारांत रद्दीबरोबर हस्तलिखित पोथ्याहि येतात, आणि थोडक्या पैशांत संग्रह करणारा तेथें प्रथम चित्राचें पान शोधतो. ही रीत आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. गिऱ्हाईक चित्रावर जातें म्हणून विक्रेता पानें वेगळालीं विकतो. आणि पुष्पिकेचें शेवटचें पान, ज्यावर नकलकाराचें नांव, गांव व शक असावयाचा, तें रद्दींतच राहतें. वास्तविक अल्प द्रव्यांत घेण्याजोगें रत्न तेंच! त्याच्या पारखेस खर्चहि नाहीं. शकांत 12 मिळवून 60 नें भागावें व बाकी प्रभवापासून मोजावी. शून्य उरल्यास क्षय. शके 1596 ला बाकी 48, म्हणजे आनंद. शिवराज्याभिषेकाचा संवत्सर तोच. (उत्तरेकडील पोथ्यांस हें गणित लागू नाहीं.) मेळ बसला म्हणून प्रत तितकीच जुनी, असें मात्र नव्हे, नकलकार मूळ प्रतीची पुष्पिका कधीं कधीं जशीच्या तशी उतरून ठेवतो. तेव्हां कागद, शाई व अक्षराचें वळण पाहावेंच लागतें. चित्र घेणारानें शेवटचें पान कोणत्या गठ्ठ्यांत गेलें, एवढें तरी विक्रेत्यास विचारावें.